बेसिनखालची गळती घरच्या घरी थांबवता येते

खालच्या घराच्या छताला ओल आली, की सोसायटीत पहिला संशय वरच्या घरातील न्हाणीघराच्या लाद्यांवर घेतला जातो. काही वेळा मात्र दोष वॉशबेसिनच्या वेस्ट कपलिंगमध्ये असतो. सहकारी गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींनुसार घरातील अशा गळतीचा खर्च सदस्यानेच करावयाचा असतो. त्यामुळे लाद्या फोडण्यापूर्वी एक साधी तपासणी करावी.

बेसिनखालचा भाग कोरडा पुसून तेथे वर्तमानपत्र पसरावे. बूच घट्ट लावून बेसिन भरावे. वरच्या जादा पाण्याच्या छिद्रापर्यंत पाणी येऊ देऊ नये. पाणी साचलेले असतानाच थेंब पडल्यास कपलिंगची बैठक निकामी झाली, असे समजावे. बूच काढल्यावरच पडल्यास दोष बहुधा खालच्या पाइपच्या जोडात असतो.

बैठक बदलण्यासाठी पाइप सोडवून कपलिंगचा नट पान्याने सैल करावा आणि जुने पांढरे सिमेंट पूर्ण खरवडावे. अनेक प्लंबर तेथे पुन्हा पांढरे सिमेंटच भरतात. ते कडक होऊन धक्क्याने तडकते. त्याऐवजी कपलिंगच्या कडेखाली सिलिकॉन सीलंट लावून बेसिनच्या खालून नवा रबरी वॉशर बसवावा. नट हाताने आवळून पान्याने जेमतेम पाव फेरा द्यावा. अधिक जोर लावल्यास चिनी मातीचे बेसिनच तडकते आणि वॉशरचे काम नव्या बेसिनवर जाते.

सीलंट वाळण्यासाठी २४ तास बेसिन वापरू नये. नंतर पुन्हा वर्तमानपत्र पसरून पाहावे. ते कोरडे राहिले, तरी खालच्या छताची ओल जायला काही आठवडे लागू शकतात. तोवर तेथे रंगकामाची घाई करू नये.