उपकारस्तुती : न फिटणाऱ्या ऋणाची भाषा

अमेरिकेत नोव्हेंबरच्या चौथ्या गुरुवारच्या सुमारास अनेक चर्चमध्ये एक जुने जर्मन स्तोत्र इंग्रजी अनुवादातून गायिले जाते. भरल्या ताटाचे गीत म्हणून ते ऐकणाऱ्यांना त्याच्या कर्त्याची हकिकत बहुधा ठाऊक नसते.

मार्टिन रिंकार्ट (१५८६–१६४९) हा सॅक्सनीतील आयलेनबुर्ग येथील ल्यूथरन धर्मोपदेशक. तीस वर्षांच्या युद्धात तटबंदीचे ते गाव निर्वासितांनी भरून गेले आणि १६३७ मध्ये तेथे महामारी पसरली. त्या वर्षी रिंकार्टने चार हजारांहून अधिक मृतांचे अंत्यविधी केले, असे सांगितले जाते. त्यांत त्याची पत्नीही होती. हे स्तोत्र, म्हणजे मुळात घरी जेवणाच्या वेळी म्हणावयाची प्रार्थना, ऐन महामारीत रचले गेले अशीही कथा आहे. ते थोडे आधीचे मानले तरी प्रश्न तोच उरतो : अशा काळात आभार कशाचे मानायचे?

थेस्सलनीकाकरांस लिहिलेल्या पहिल्या पत्रात पौल प्रत्येक स्थितीत आभार मानावयास सांगतो. प्रत्येक स्थितीबद्दल नव्हे. हा भेद मोलाचा आहे. महामारीला वरदान म्हणण्याची सक्ती ख्रिस्ती माणसावर नाही. स्तोत्रसंहितेत आक्रोशालाही भरपूर जागा आहे. आभार परिस्थितीचे नसतात, तिच्यातही साथ न सोडणाऱ्या देवाचे असतात.

मराठी बायबलने यासाठी ‘उपकारस्तुती’ हा शब्द रूढ केला. एरवी मराठीत उपकार म्हटला की ओझे आले, फेड आली; परदेशी स्थिरावलेल्यांना तर कोणाकोणाचे काय फेडायचे राहिले, याची यादी पाठ असते. देवाची कृपा मात्र फेडता येत नाही, म्हणून फेडीच्या जागी स्तुती येते.

लूकच्या शुभवर्तमानात दहा कुष्ठरोगी बरे होतात. येशूकडे परततो एकच, तोही शोमरोनी, म्हणजे परका. बाकीचे नऊ कृतघ्नच असतील असे नाही. सांगितल्याप्रमाणे ते याजकाकडे निघाले होते. परतलेल्याच्या आभारासाठी लूकने जे ग्रीक क्रियापद योजले, तेच तो शेवटच्या भोजनाच्या प्रसंगी पुन्हा वापरतो. त्याच क्रियापदापासून प्रभुभोजनाचे ‘युखरिस्त’ हे नाव आले. तेथे येशू भाकर हाती घेऊन आधी आभार मानतो, मग ती मोडतो. त्याच रात्री त्याला अटक होते.