तपासणीच्या सकाळी चहा नको!
हृदयाचा रक्तपुरवठा पाहताना दिल्या जाणाऱ्या औषधांविषयी

रत्नागिरीहून रात्रीची मुंबईची गाडी पकडायची, पहाटे परळला उतरायचे, नातेवाईकाच्या खोलीवर हातपाय धुवायचे आणि आठ वाजता रुग्णालयाच्या दारात उभे राहायचे. आपल्या जिल्ह्यातील कितीतरी कुटुंबांना हा प्रवास पाठ आहे. आमच्या वाडीतील तात्यांनीही तो केला. वय ६२, मधुमेह जुना, गुडघे धरलेले. घाटी चढताना छातीत दडपण येई, म्हणून डॉक्टरांनी हृदयाच्या रक्तपुरवठ्याची तपासणी सांगितली होती.

परिचारिकेने विचारले, "बाबा, सकाळपासून काय घेतलंत?"

तात्या अभिमानाने म्हणाले, "काही नाही बाई. कडक उपास. नुसता कोरा चहा घेतला."

झाले! त्या दिवशी तपासणी झाली नाही. पुढची तारीख तीन आठवड्यांनंतरची मिळाली. गाडीभाडे वाया गेले, मुलाची रजा वाया गेली. सूचनांचा कागद तात्यांच्या खिशातच होता; पण तो इंग्रजीत होता आणि कोणी वाचून सांगितला नव्हता.

तरीही परत पाठवले हे बरेच झाले. चहा पोटात असताना तपासणी झाली असती, तर आजार असूनही अहवाल 'चांगला' येण्याची शक्यता होती. असे का होते, ते समजून घेऊ.

न चालता हृदयाची परीक्षा

हृदयाची रक्तवाहिनी निम्म्याहून अधिक अरुंद झाली, तरी माणूस स्वस्थ बसलेला असताना तिच्यातून पुरेसे रक्त जाते. उणीव दिसते ती जास्त रक्त लागते तेव्हा. म्हणून रुग्णाला चालत्या पट्ट्यावर चालवून तपासतात. पण ज्यांचे गुडघे दुखतात, ज्यांना अर्धांगवायू झाला आहे, त्यांनी काय करायचे? त्यांच्यासाठी रक्तवाहिन्या रुंद करणारी औषधे वापरतात. डायपिरिडॅमोल, अ‍ॅडिनोसिन आणि रेगाडिनोसॉन ही त्यांतली मुख्य नावे.

अ‍ॅडिनोसिन हे काही परके रसायन नव्हे. आपल्या पेशी ते स्वतःच तयार करतात. हृदयाच्या स्नायूला प्राणवायू कमी पडला की पेशीतील ऊर्जेचा साठा मोडतो आणि त्यातून अ‍ॅडिनोसिन सुटते. ते रक्तवाहिनीला जणू निरोप देते, "रुंद हो, रक्त पाठव." हृदयावरील त्याचा परिणाम १९२९ साली ड्रुरी आणि सेंट-ग्यॉर्गी या शास्त्रज्ञांनी प्रथम मांडला. १९७८ साली अमेरिकेतील डॉ. लान्स गूल्ड यांनी डायपिरिडॅमोल देऊन हृदयाची छायाचित्रे घेण्याची पद्धत दाखवली. रेगाडिनोसॉनला २००८ मध्ये अमेरिकेत मान्यता मिळाली.

निरोगी रक्तवाहिनीतील प्रवाह या औषधांनी तीन-चार पट वाढतो. अरुंद वाहिनीच्या पुढचा भाग मात्र आधीच शक्य तितका रुंद झालेला असतो, त्याला आणखी वाढ देता येत नाही. वाडीच्या नळयोजनेसारखेच हे आहे. खालच्या घरांनी नळ पूर्ण सोडले की वरच्या घरात धार बारीक होते. त्याच वेळी शिरेतून थोडे किरणोत्सारी द्रव्य देतात. जिथे रक्त कमी, तिथे ते कमी पोचते आणि छायाचित्रात डाग दिसतो. यासाठी बहुधा टेक्नेशियम वापरतात. दर सहा तासांनी त्याचा जोर निम्मा होतो.

शरीरात काय घडते?

चालताना हृदयाचे काम वाढते, म्हणून रक्तही वाढते. या औषधांनी रक्त वाढते, पण काम फारसे वाढत नाही. नाडी थोडी जलद होते, रक्तदाब थोडा उतरतो. मात्र अरुंद वाहिनीच्या भागातले रक्त शेजारच्या निरोगी भागाकडे वळले, तर तिथे खरोखरच प्राणवायूची टंचाई होऊ शकते. एरवी उपाशीपोटी हृदय मुख्यत्वे स्निग्ध आम्लांवर चालते. टंचाईत ते साखरेकडे वळते आणि लॅक्टिक आम्ल साचू लागते. म्हणूनच ही तपासणी डॉक्टरांच्या देखरेखीखाली, हृदयाचा आलेख चालू ठेवून करतात.

औषध टोचल्यावर चेहरा तापतो, डोके दुखते, दम लागल्यासारखे वाटते, छातीत दडपण येते. घाबरू नये, पण लगेच सांगावे. हे दडपण म्हणजे आजार असलाच पाहिजे असे नाही. अ‍ॅडिनोसिन वेदनेच्या मज्जातंतूंनाही डिवचते. शिरेतून थेंबथेंब सोडलेल्या अ‍ॅडिनोसिनला तांबड्या पेशी झपाट्याने शोषून घेतात, दहा सेकंदांच्या आतच ते निम्मे होते. त्याचा शेवट युरिक आम्लात होतो. डायपिरिडॅमोल मात्र पेशींना अ‍ॅडिनोसिन शोषू देत नाही, म्हणून त्याचा परिणाम बराच वेळ रेंगाळतो. तेव्हा उतारा म्हणून अ‍ॅमिनोफायलीन देतात.

आणि इथेच चहाचे कोडे उलगडते. अ‍ॅडिनोसिन पेशीवरच्या ज्या कुलपात किल्लीसारखे बसते, त्याच कुलपात चहा-कॉफीतील कॅफीन जाऊन बसते. मग वाहिनी पुरेशी रुंद होत नाही आणि दोष लपून राहतो. उताऱ्याचे अ‍ॅमिनोफायलीन हे थिओफायलीनपासूनच बनते, आणि थिओफायलीन १८८८ साली चहाच्या पानांतच सापडले. चहा आणि उतारा एकाच घराण्यातले!

घरच्यांनी लक्षात ठेवावे

• तपासणीआधी किमान १२ तास, आणि केंद्राने सांगितले असेल तर २४ तास, चहा, कॉफी, कोला, चॉकलेट बंद. कोरा चहासुद्धा चहाच! डोकेदुखीच्या काही गोळ्यांतही कॅफीन असते.

• दमा असल्यास आधीच सांगावे. अ‍ॅडिनोसिनने श्वासनलिका आकसू शकतात. दम्याच्या काही गोळ्यांत थिओफायलीन असते. त्या आपल्या मनाने बंद करू नयेत, डॉक्टरांना विचारावे.

• मधुमेही माणसाने उपाशीपोटी नेहमीचे इन्सुलिन किंवा गोळी घेतली, तर रक्तातील साखर एकदम उतरू शकते. त्या दिवशी किती घ्यायचे, हे आदल्या भेटीतच लिहून घ्यावे.

• हृदयाचे ठोके अडतात असे पूर्वी सांगितले असेल, किंवा स्त्री गरोदर असेल वा अंगावर पाजत असेल, तर ते लपवू नये.

• सूचनांचा कागद मराठीत समजावून मागावा. तो आपला हक्क आहे. घरात शिकलेली मुलगी-मुलगा असेल, तर आदल्या दिवशी त्यांनी तो मोठ्याने वाचून दाखवावा.

दुसऱ्या खेपेला तात्यांच्या नातीने हेच केले. परळच्या खोलीतल्या मावशीला तिने फोनवर बजावले, "आजी, त्यांनी मागितला तरी चहा देऊ नकोस हं!" तपासणी नीट झाली. हृदयाच्या एका भागाला रक्त कमी पडत असल्याचे दिसले आणि वेळेवर उपचार सुरू झाले. त्या दिवशी खोलीबाहेर आल्यावर डॉक्टरांनीच सांगितले, "बाबा, आता खुशाल चहा घ्या." तात्या म्हणतात, तसा चहा जन्मात प्यालो नव्हतो.