शेतकरी उत्पादक कंपनी : हजार रुपयांचा शेअर घेण्याआधी



खेड्यातल्या शाळेत पालक फक्त मुलाचं प्रगतिपुस्तक बघायला येत नाहीत. "सर, हा फॉर्म जरा वाचून सांगा," म्हणूनही येतात. त्यात अलीकडे एक फॉर्म हमखास असतो, शेतकरी उत्पादक कंपनीचा. हजार रुपये भरा, शेअर घ्या, तेवढेच पैसे सरकार घालतंय, असं सांगितलेलं असतं. हे खरं आहे का? अर्धं खरं आहे. राहिलेलं अर्धं कळल्याशिवाय सही करू नये, म्हणून हा लेख.

आधी कंपनी कशासाठी ते बघू. एखाद्याकडे दहा क्विंटल सोयाबीन आहे. तेलाची मिल माल घेते तो ट्रकनं, आणि दहा टनांचा ट्रक भरायला १०० क्विंटल लागतात. मग हा माणूस गावातल्या व्यापाऱ्याकडे जातो. तिथं ओलावा जास्त, माती आहे, दाणा डागी आहे असं म्हणत भाव खाली येतो, वर हमाली-तोलाई असतेच. हाच माल पंचवीस-तीस घरांनी एकत्र केला, वाळवला, चाळणी मारून साफ केला, तर मिलशी थेट बोलता येतं. खत-बियाणंही ठोक भावात आणता येतं.

"मग सोसायटी आहे की!" असं कुणी म्हणेल. सहकार आपल्याला नवा नाही. पण डॉ. वाय. के. अलघ समितीच्या शिफारशीवरून कंपनी कायद्यात २००२ साली दुरुस्ती झाली आणि उत्पादक कंपनी हा वेगळा प्रकार आला. किमान १० उत्पादक एकत्र आले की ती नोंदवता येते. सभासद फक्त उत्पादकच होऊ शकतो, व्यापारी नाही. कुणाकडे कितीही शेअर असले तरी मत एकच. म्हणजे मन सहकाराचं आणि कागदपत्रं कंपनीची. ही कागदपत्रंच पुढे जड जातात, त्याकडे नंतर येतो.

आता सरकारी मदत. २०२० च्या फेब्रुवारीत केंद्रानं १०,००० शेतकरी उत्पादक संस्था उभ्या करण्याची योजना सुरू केली. तरतूद ६,८६५ कोटी रुपयांची. सपाट भागात किमान ३०० सभासद हवेत, डोंगरी भागात १००. मदत तीन प्रकारची आहे, आणि तिन्हींबद्दल गैरसमज आहेत.

पहिली मदत म्हणजे तीन वर्षांत मिळून १८ लाखांपर्यंत व्यवस्थापन खर्च. "कंपनीला १८ लाख आले" असं गावात बोललं जातं, पण तो पैसा माल खरेदीचा नाही. व्यवस्थापकाला महिना २५,००० पर्यंत आणि हिशेबनिसाला १०,००० पर्यंत पगार धरलाय. ३५,००० गुणिले ३६ महिने करा. १२ लाख ६० हजार तिथंच गेले. (सहावी-सातवीच्या गणिताला चांगलं उदाहरण आहे, जरूर द्या.) उरलेल्यात नोंदणी, भाडं, काटा-कपाट, प्रवास.

दुसरी म्हणजे भागभांडवलाला जोड. सभासदानं जेवढे घातले तेवढे सरकार घालतं, पण प्रत्येकी २,००० पर्यंत आणि संस्थेला एकूण १५ लाखांपर्यंत. सभासदाच्या हातात रोख येत नाही, पैसा कंपनीच्या भांडवलात जातो. सभासदांनीच काही घातलं नाही तर सरकारही काही घालत नाही.

तिसरी पतहमी. दोन कोटींपर्यंतच्या कर्जाला सरकार बँकेकडे हमी राहतं. याचा अर्थ कर्ज माफ होतं असा मुळीच नाही. कंपनी बुडाली तर बँकेचं नुकसान बऱ्यापैकी भरून निघतं, म्हणून बँक कर्ज द्यायला तयार होते, एवढंच.

महाराष्ट्रात याशिवाय जागतिक बँकेच्या साहाय्यानं चाललेला 'स्मार्ट' प्रकल्प आहे. त्यातून गोदाम, साफसफाई-प्रतवारीची यंत्रं अशा कामांना साधारण ६० टक्के अनुदान मिळतं. उरलेले ४० टक्के संस्थेनं स्वतःचे किंवा बँकेचे उभे करायचे.

एवढं सगळं असून कंपन्या अडतात कुठं? खेळत्या पैशात. समजा ३४० सभासदांनी हजार-हजार भरले. ३ लाख ४० हजार त्यांचे, तेवढेच सरकारचे, मिळून ६ लाख ८० हजार. सोयीसाठी सोयाबीनचा भाव ४,५०० धरा. एका ट्रकला साडेचार लाख लागतात. म्हणजे एक ट्रक घेतला की दुसऱ्यापुरते पैसे उरत नाहीत! मिलचे पैसे येईपर्यंत बाकीच्यांनी थांबायचं. पण दिवाळी तोंडावर, रब्बीचं बियाणं घ्यायचंय, आणि व्यापारी काट्यावरच रोख देतो. शिवाय अडीनडीला उचलही त्यानंच दिलेली असते. शेतकरी त्याच्याकडे गेला तर त्याला नावं ठेवू नयेत.

नाशिक जिल्ह्यातल्या मोहाडीच्या सह्याद्री फार्म्सचं उदाहरण प्रत्येक सभेत दिलं जातं. उदाहरण खरंच मोठं आहे. पण त्याचा पाया निर्यातीच्या द्राक्षाचा आहे. कोरडवाहू सोयाबीन-तुरीच्या गावानं तोच आकडा डोळ्यापुढे धरला तर दोन वर्षांत निराशा येते, असं माझं मत.

आता ती कागदपत्रं. कंपनीला दरवर्षी लेखापरीक्षण करून ताळेबंद आणि वार्षिक विवरण भरावं लागतं. चुकलं की दंड चढत जातो. सलग तीन वर्षं भरलं नाही तर संचालक अपात्र ठरतात, पाच वर्षं कुठल्याच कंपनीत नव्यानं संचालक होता येत नाही. आपले पालक "नाव द्या, पाच संचालक लागतातच" म्हटल्यावर सही करून मोकळे होतात. बऱ्याचदा घरातल्या बाईचं नाव घातलेलं असतं आणि तिला ते माहीतही नसतं. त्या माउलीला निदान ही जबाबदारी नीट समजावून सांगा.

कुणी विचारायला आलं तर मी कंपनीचं नाव विचारून कंपनी व्यवहार मंत्रालयाच्या संकेतस्थळावर बघायला सांगतो. शेवटची वार्षिक सभा कधी झाली आणि शेवटचा ताळेबंद कोणत्या वर्षाचा, हे तिथं दिसतं. पैसे भरल्याची पावती आणि शेअर प्रमाणपत्र मागायचंच. सभेची नोटीस किमान १४ दिवस आधी यायला हवी आणि गणपूर्ती एक चतुर्थांश सभासदांची, म्हणजे ३०० सभासद असतील तर ७५ माणसं. मागच्या सभेला किती जण होते, ते शेजाऱ्यालाच विचारा.

आणखी एक. केंद्राच्या योजनेतल्या १०,००० व्या संस्थेची घोषणा फेब्रुवारी २०२५ मध्ये झाली आहे, ठरलेला आकडा गाठला गेला आहे. त्यामुळे आता कुणी "नवी कंपनी काढू, १८ लाख येणार" असं सांगत दारात आला, तर हजाराची नोट काढण्याआधी... अहो, हजाराची नोट आता नाहीच, पाचशेच्या दोन काढण्याआधी त्याच्याकडे मंजुरीचं पत्र मागा. तालुका कृषी अधिकारी कार्यालयात ते दाखवून खात्री करून घ्या, मग सही करा.