टॅन⁻¹ नांदेडहून लातूरला का पोचत नाही?

नकाशात लातूरहून नांदेड ढोबळमानानं ८० किमी पूर्वेला आणि ८० किमी उत्तरेला आहे. कोन पूर्वेपासून उत्तरेकडे मोजू. टॅन⁻¹(८०/८०) = टॅन⁻¹(१) = ४५°, म्हणजे ईशान्य. बरोबर.

आता परतीची दिशा काढा. दोन्ही अंतरं ऋण, पण (−८०)/(−८०) पुन्हा १. कॅल्क्युलेटर पुन्हा ४५° च सांगतो. निघालात लातूरला आणि चाललात विदर्भाकडे!

कुठं चुकलं? थीटा = टॅन⁻¹(क्ष) धरा. १ + टॅन² = सेक² ही दहावीची नित्यसमानता वापरली की कॉस थीटा = ±१/√(१+क्ष²). चिन्ह कोणतं घ्यायचं? टॅन⁻¹ ची मुख्य किंमत −९०° आणि ९०° यांच्या मधेच असते, आणि तिथं कॉस धनच असतो. म्हणून कॉस(टॅन⁻¹ क्ष) = १/√(१+क्ष²), कायम धन. आपल्या मोजणीत ऋण कॉस म्हणजे पश्चिम. ती टॅन⁻¹ ला सांगताच येत नाही. भागाकारात गेलेली चिन्हं नित्यसमानता परत आणून देत नाही.

म्हणून आधी चरण बघा. दोन्ही ऋण, म्हणजे तिसरा चरण. १८०° मिळवा: २२५°, नैर्ऋत्य. प्रोग्राममध्ये दोन्ही अंतरं वेगवेगळी घेणारं ‘एटॅन२’ वापरा. परीक्षेत अशा चुकीचा एक गुण जातो. संशोधनात पुढची सगळी आकडेमोड त्याच चुकीवर उभी राहते.

आता तुम्ही करा: साइन(कॉस⁻¹(−३/५)) किती? ४/५ की −४/५? कॉस⁻¹ ची मुख्य किंमत ०° ते १८०°. तिथं साइन ऋण नसतो. उत्तर ४/५. हे कारणही उत्तराशेजारी लिहायची सवय लावा.