मुंबईत एक खोली

मुंबईला गेलो, की तिसऱ्या दिवशी माझ्या मनात बिऱ्हाड हलवायचे बेत सुरू होतात. मिरजेत स्वतःचं चार खोल्यांचं घर आहे, अंगणात पेरू आहे, पेन्शन वेळेवर येते. पण दादरच्या मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालयात सकाळ घालवावी आणि संध्याकाळी शिवाजी पार्कच्या कट्ट्यावर बसावं, की वाटतं, लेखकानं राहावं तर इथंच! कादंबरीतली माणसं शोधायला जावं लागत नाही. ती लोकलमध्ये शेजारी येऊन बसतात.

पण उभी नोकरी बँकेत काढलेला मी माणूस. स्वप्नातसुद्धा आकडेमोड सुटत नाही. या खेपेला दादरमधल्या एका लहानशा जागेचा भाव विचारला. आकडा कोटीच्या पुढचाच निघाला. एक कोटीचं कर्ज, साडेआठ टक्के व्याज, मुदत २० वर्षं धरली, तर महिन्याचा हप्ता सुमारे ८७ हजार. म्हणजे मुद्दलापेक्षा व्याजच जास्त! कर्जाच्या टेबलावर मी असतो, तर माझ्या वयाच्या अर्जदाराला चहा पाजून परत पाठवलं असतं.

मग आधीचे लेखक इथं राहिले कसे? ते काही धनवान नव्हते. नारायण सुर्वे गिरणीत राबले, शाळेत शिपाई होते, पुढे शिक्षक झाले. १९७२ साली ‘गोलपिठा’ देणाऱ्या नामदेव ढसाळांनी टॅक्सी चालवली. १९४७ च्या कायद्यानं चाळींची भाडी गोठवली होती. त्यामुळे मालकांनी डागडुजी सोडली, पागडी बोकाळली, हे खरंच. पण कारकुनाला, मास्तरला पगारात डोक्यावर छप्पर मिळालं. वांद्र्याला लेखकांनी सहकारी तत्त्वावर ‘साहित्य सहवास’ उभारलं. विंदा करंदीकर तिथं राहिले, रमेश तेंडुलकरही राहिले.

१९८२ च्या संपानंतर गिरणगाव विझत गेलं आणि गिरण्यांच्या जमिनींवर टॉवर चढले. आज नोकरी सांभाळून लिहू पाहणारा तरुण विरार, बदलापूरकडे सरकतो. त्याचे लिहायचे तास लोकलमध्ये उभ्यानं संपतात. शहरात लेखक टिकतो तो नुसत्या ग्रंथालयांवर नाही. पगारात बसणारी खोली मिळते, म्हणून टिकतो. ती खोली गेली, तर या शहराची गोष्ट उद्या सांगणार कोण? मला माझ्यापेक्षा त्या मुलाची काळजी जास्त वाटते.

घरी परतल्यावर सौभाग्यवतींपुढे विषय काढला. मिरजेचं घर विकून दादरला एक खोली घ्यावी का, असं विचारलं. निवडत असलेली मेथी बाजूला न ठेवता त्या म्हणाल्या, “घ्या की. पण तुम्ही लिहायला बसलात, की मी कुठं बसू?”

घर विकायचा विचार तिथंच सोडला. आता मी दरवर्षी एका महिन्यापुरती भाड्याची जागा शोधतो आहे. दादरला नाही तर डोंबिवलीला चालेल. अट एकच, तिथं दोन खुर्च्या मावल्या पाहिजेत.