अडतीच्या हिशेबाला पायथनची खिडकी

वाशिम जिल्ह्यातल्या कारंजा, रिसोड, मंगरूळपीरच्या बाजार समित्यांत सोयाबीनची आवक वाढली की अडत दुकानांत हिशेबाची धांदल उडते. वजन, दर, हमाली, तोलाई एवढ्या चार रकान्यांसाठी महागडं सॉफ्टवेअर लागत नाही. विंडोजवर पायथन ही प्रोग्रामिंग भाषा टाकली की खिडक्या बनवणारं टीकेइंटर सोबतच येतं. खिडकी, रकाने आणि बटण थोडक्या ओळींत उभं राहतं. इंटरनेट गेलं तरी काम थांबत नाही.

घड्याळाशेजारी, सिस्टीम ट्रेमध्ये चिन्ह बसवायचं तर पायस्ट्रे आणि पिलो ही मोफत पॅकेजेस घ्यावीत. खिडकी बंद केल्यावर प्रोग्राम संपू नये म्हणून बंद करण्याच्या बटणाला खिडकी नुसती लपवणारं ‘विथड्रॉ’ जोडतात. खरी अडचण पुढे आहे. टीकेइंटर आणि पायस्ट्रे, दोघांनाही आपापला लूप सतत चालू ठेवायचा असतो. म्हणून चिन्ह ‘रन’ऐवजी ‘रन_डिटॅच्ड’ने सुरू करावं आणि ट्रेच्या मेन्यूतून खिडकीत करायचा बदल टीकेइंटरच्या ‘आफ्टर’मार्फतच करावा. नाहीतर खिडकी गोठते.

मराठीची परीक्षा होते लिनक्सवर. तिथे टीकेइंटर अनेकदा ‘वाशिम’मधली पहिली वेलांटीसुद्धा जागेवर बसवत नाही, जोडाक्षरंही फुटतात. शेतकऱ्याला त्याचं नाव आणि गाव शुद्ध दिसलंच पाहिजे. अशा वेळी टीकेइंटरऐवजी सरळ पायक्यूटी किंवा पायसाइड निवडा. ट्रेचं चिन्हही त्यांत तयार मिळतं. मात्र पायक्यूटी वापरून कोड खुला न करता सॉफ्टवेअर विकायचं असेल, तर व्यावसायिक परवाना घ्यावा लागतो.