कंपनीचा कारभार आणि भागधारकांचा विश्वास

पै पै जमवून एखादा गृहस्थ कंपनीचे चार भाग विकत घेतो, तेव्हां तो वस्तुतः काय करतो? ज्यांना त्यानें कधीं पाहिलें नाहीं, अशा माणसांच्या हातीं तो आपली पुंजी सोपवितो. हा विश्वास कायद्यानें कसा राखावा, हा प्रश्न उद्योगाच्या मार्गाला लागलेल्या प्रत्येक देशापुढें उभा राहतो. या बाबतींत आपल्या देशाचा अनुभव बोधप्रद आहे.

आपल्याकडे फार काळ मॅनेजिंग एजन्सीची पद्धत होती. भांडवल अनेकांचें, पण सत्ता एका पेढीची. विक्रीवर कमिशन ठरलेलें असल्यास कंपनी तोट्यांत असतांही पेढीला प्राप्ति होई. १९५६ च्या कायद्यानें या पद्धतीला लगाम घातला व १९७० सालीं ती बंद झाली. परंतु पद्धत गेली तरी वृत्ति गेली नाहीं.

२००० सालीं सेबीनें शेअरबाजारांत नोंदलेल्या कंपन्यांच्या मंडळांवर स्वतंत्र संचालक असावेत, असा दंडक घातला. तरीही हैदराबादच्या सत्यम् कंपनीचें उदाहरण पाहा. डिसेंबर २००८ मध्यें अध्यक्षांच्या कुटुंबीयांशीं निगडित अशा दोन कंपन्या विकत घेण्याचा ठराव मंडळानें संमत केला. मंडळांत स्वतंत्र संचालक होतेच. भागधारकांनीं ओरड केली म्हणून कांहीं तासांतच तो मागें घ्यावा लागला. पुढें ७ जानेवारी २००९ रोजीं अध्यक्षांनीं स्वतःच पत्र लिहून कबूल केलें कीं, ताळेबंदांत दाखविलेल्या शिलकेपैकीं ५,०४० कोटी रुपये अस्तित्वांतच नाहींत!

यांतून काय शिकावयाचें? पहारेकरी नेमला म्हणजे पहारा झाला, असें नव्हे. २०१३ च्या कायद्यानें ही गोष्ट ओळखली. हितसंबंधीयांशीं होणाऱ्या व्यवहारांवर बंधनें आलीं. नोंदलेल्या कंपनीला हिशेबतपासनिसांची एकच पेढी लागोपाठ दहा वर्षांहून अधिक काळ ठेवतां येत नाहीं. लहान भागधारकांना एकत्र येऊन न्यायाधिकरणाकडे दाद मागतां येते. तथापि संचालकांच्या निवडीवर बड्या भागधारकांच्या मतांचा भार आजही मोठा आहे, हें विसरूं नये.

म्हणून वार्षिक अहवाल हातीं आला कीं तो न वाचतां बाजूस ठेवूं नये. नफ्याच्या आंकड्याआधीं कंपनीनें कोणाकोणाशीं व्यवहार केले तें पाहावें, तपासनिसांचा शेरा वाचावा आणि आपलें मत अवश्य द्यावें. गणिताच्या तासाला मी मुलांना सांगत असें, “उत्तर बरोबर दिसतें, आतां रीत दाखवा.” कंपनीच्या चालकांनाही आपण हेंच सांगावयाचें आहे.